दोन हिरव्यांची पिकअप

घरोघरी फर्निचर पोचवणाऱ्या जावयाला सासऱ्यांची जुनी पिकअप मिळाली, तेव्हा तिचं इंजिन बंद पडलेलं होतं आणि तळ इतका गंजला होता की खालची जमीन दिसायची. गॅरेजवाल्याने खर्च सांगितला आणि जावयाने त्याला हात जोडले. मग दिवसभर ओझी उचलून आल्यावर तो स्वतःच गाडीखाली शिरू लागला. भंगारातल्या लोखंडी कपाटाचा दरवाजा कापून त्याने तळाला बसवला. बायकोने सोफ्याच्या जुन्या कापडातून सीटची कव्हरं शिवली. रंग ब्रशनेच मारला, पण अर्ध्यात डबा संपला आणि दुसऱ्या डब्यातला हिरवा भलताच निघाला.

"राहू द्या," बायको म्हणाली, "लोकांना वाटेल, फॅशन आहे."

मग त्याने दोन हिरव्यांच्या मधून पांढरा पट्टा ओढला. गाडी चक्क ऐटबाज दिसू लागली.

इंजिन सुरू झालं त्या संध्याकाळी बायको केस विंचरून शेजारी येऊन बसली. "चला, फिरवून आणा कुठेतरी."

त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले. खांदे भरून आले होते.

"आज नुसतं बसूया का गं?"

तिने हात लांबवून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं. "बसूया. माझेही पाय दुखतायत."

डास चावायला लागेपर्यंत दोघं अंगणातच बसून राहिली.