अण्णा काय म्हणाले

मला आवाज ऐकू यायला लागला तेव्हा मी इंदिरानगरात आईबरोबर राहत होतो आणि अंबडच्या एका छोट्या कारखान्यात माल तपासायचं काम करत होतो. आवाज एकाच पुरुषाचा, आणि विषयही त्याला एकच: आई तुझ्या चहात काहीतरी टाकते. बरं, सांगायची काही पद्धत? अरेतुरे, वर शिव्या. मी घरचा चहा सोडला, मग जेवण सोडलं. पँट कमरेवर राहीना तेव्हा आईने खोदून खोदून विचारलं आणि मी आवाजाचं सांगून टाकलं. चहाचं नाही सांगितलं. डोकं कितीही फिरलं तरी आईच्या तोंडावर असलं काही बोलवत नाही हो.

आई घाबरली नाही. उलट तिचा चेहरा उजळला. "अण्णा असतील," ती म्हणाली. "मला वाटलंच व्हतं, त्यांचं काहीतरी सांगायचं राहिलं हाय."

अण्णा म्हणजे माझे वडील. सहा महिन्यांपूर्वी गेले होते. दहाव्याला गोदावरीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. जमलेल्यांनी रीतीप्रमाणे एकेक कबूल करून पाहिलं. पोराचं लग्न करू, बोअरचं काम पुरं करू. मी आईला सांभाळीन म्हणालो. कावळे शेजारच्यांच्या पिंडावर तुटून पडलेले, आमच्याकडे ढुंकून बघेनात. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला, कारण मागे दुसरी मंडळी ताटकळली होती. सगळ्यांनी हुश्श केलं. आईने नाही केलं. तिचं माहेर दिंडोरीकडचं. गेलेला माणूस राहिलेलं बोलणं घरातल्याच कुणाच्या तरी कानात घालतो, हे तिकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे तिच्या लेखी मी आजारी नव्हतोच. मी निरोप आणणारा होतो.

मामाने मात्र कुणाचं न ऐकता मला सरकारी दवाखान्यात भरती केलं. शेजारच्या खाटेवर मालेगावचा एक यंत्रमाग कामगार होता. मागाच्या खडखडाटात त्याच्याशी एक जिन्न बोलायचा, म्हणून घरच्यांनी आधी त्याला दर्ग्यात नेलं होतं आणि मग इकडे आणलं होतं. "हमारे वाले तो आप बोलके बात करते," तो मला म्हणाला. "पूछते, आज थक गए क्या?" माझा आवाज काय काय बोलतो ते ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "या अल्लाह, इतना बदतमीज?" मला कानकोंडं झालं. आजार म्हणे दोघांचा एकच, पण त्याच्या वाट्याला खानदानी माणूस आला आणि माझ्या वाट्याला हा टपोरी. जळलो मी त्याच्यावर, खोटं कशाला बोलू.

गोळ्यांनी दोघांचेही आवाज गेले. मी पेढे वाटायचेच बाकी होते. तो दोन दिवस जेवला नाही. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्याही कागदावर 'सुधारणा' असं लिहिलं.

घरी आलो तर आई जेवायला वाढताना विचारायची, "आज काय म्हणाले?" आता काय सांगणार, कपाळ! पहिल्या दिवशी तोंडाला येईल ते बोललो. "तब्येतीला जप म्हणाले." आई वाढता वाढता थांबली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "गुडघ्याला तेल लाव म्हणाले." तिने लगेच लावलं. महिनाभर हे असं चाललं. आई दोन घास जास्त जेवायला लागली, आणि ते बघून मला फार बरं वाटायचं.

पण एकदा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, घरच्यांना खरं काय ते सांगत जा. मी आज्ञाधारक. घरी येऊन ऐटीत सांगितलं, "आई, गोळ्यांनी आवाज पार बंद झाला बघ." आई म्हणाली, "बरं झालं," आणि भांडी घासायला गेली.

गोळ्या मला आईच काढून द्यायची. पुढच्या आठवड्यात गोळी जरा जाडजूड वाटली. म्हटलं, सरकारी माल, कंपनी बदलली असेल. महिन्याभराने आवाज परत आला. या वेळी म्हणाला, आई तुझ्या गोळ्या बदलते. मी विश्वास ठेवला नाही. त्याचं ऐकायचं नाही, हे दवाखान्यात घोटून घेतलं होतं. मी ती जाड गोळी इमानेइतबारे गिळत राहिलो आणि पुढच्या तपासणीला सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. आधी चहा, आता गोळ्या, संशय जुनाच. त्या डोस वाढवून लिहू लागल्या. आई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती.

"बाई, वाढवू नका," ती म्हणाली. "तो खरं बोलतोय. मी त्याला माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या देते." तिने पिशवीतून माझ्या गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. एकही फोडलेलं नव्हतं.

त्या हलकट आवाजाने जन्मात एकदा खरं सांगितलं, तेही मी मानलं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त का म्हणून विचारलं.

"गोळी घेतली की ह्याचे वडील बोलायचे थांबतात," आई म्हणाली. "मला तब्येतीला जप म्हणायचे. गुडघ्याला तेल लाव म्हणायचे. चाळीस वर्सं संसार केला, बाई, जित्तेपणी असं कधी नाय म्हणाले."

मला तिथेच रडू यायला लागलं. पण आता लपवून चालणार नव्हतं. "आई, ते अण्णा नव्हते," मी म्हणालो. "तो आवाज घाण बोलायचा. तेलाचं, तब्येतीचं, ते सगळं मी म्हणत होतो."

आई माझ्याकडे वळली. मग तिने माझ्या दंडावर एक सणसणीत चापट मारली.

"मग ते तूच म्हणतोस असं तवाच सांगायचं ना, मेल्या! मी कशाला तुझ्या गोळ्या बदलल्या असत्या?"