जांभळ्या गाळणीचं वाण

विठ्ठलवाडीला घरोघरी जीन्सचे धागे कापणाऱ्या बायका किती, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. कारखान्याच्या दप्तरात त्या नाहीत, आणि अनोळखी माणसाने दार वाजवलं की पॅंटींचा ढीग चादरीखाली जातो. आमच्या संस्थेला तिथे त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर काढायचं होतं. बायका पुरेशा आहेत असं दिसलं, तरच ते निघणार होतं.

म्हणून आम्ही भेटल्या तेवढ्या जणींना एकेक जांभळी गाळणी वाटली. काही दिवसांनी वेगळ्या वाटेने गल्ल्यांत शिरायचं आणि हे काम करणारी जी भेटेल तिला विचारायचं, गाळणी मिळाली का? 'नाही' जितके जास्त, तितक्या आपल्या नजरेतून सुटलेल्या बायका जास्त.

जवळजवळ सगळ्या 'हो' म्हणाल्या. म्हणजे हिशेबाने वस्तीत बायका मूठभरच, आणि पाळणाघर बोंबललं. घोडबंदर रोडच्या ऑफिसात आमचे साहेब म्हणाले, बायका खोटं बोलतात. माझं डोकंच फिरलं. संक्रांतीच्या दिवसांत बायकांच्या हातात कोऱ्या गाळण्या ठेवल्यावर दुसरं काय होणार होतं? डोंबिवलीत माझी आई हळदीकुंकवात आलेलं वाण रथसप्तमीच्या आत दुसरीच्या ओटीत घालून मोकळी होते.

मी परत गेले. झालं होतं तेच. आमच्या गाळण्या त्यांनी वाण म्हणून लुटल्या होत्या. आता मी नीट विचारायला लागले, की आमच्या माणसांकडून मिळाली, की शेजारणीकडून?

एका खोलीत एक तरुण विधवा धागे कापत होती. हातात धारदार कटर, म्हणून तिने रांगत्या मुलीला ओढणीने खाटेला बांधलं होतं. पाळणाघर हवं तर पहिलं हिलाच, असं वाटून मला भरून आलं. भिंतीवर खिळ्याला जांभळी गाळणी होती, न वापरलेली. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नव्हतं. यंदा शेजारणीने हाताला धरून नेलं आणि वाण दिलं. हे तिने आपणहून सांगितलं, लाजत.

मला तिला समजवावं लागलं, की आमच्या हिशेबात तिचं उत्तर 'नाही' धरायचं, त्यानेच आकडा वाढेल.

तिने मुलीकडे पाहिलं.

"मग नाही लिहा, ताई. हिला जागा मिळू दे. पण मला मिळालंय."