गादीतली सुई

"सुईला सख्खं-सावत्र कळत नाही," असं सिस्टर एकदा म्हणाल्या होत्या. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू पाहणाऱ्या एका नव्या नर्सला. वाक्य वॉर्डभर फिरलं, कारण ते त्यांचं होतं. कुणाची शीर सापडेना की सगळे त्यांच्याकडेच धावत. तापानं, वयानं आत दडून बसलेली शीर त्या बोटाच्या पेरानं हुडकून काढत, अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण सापडावं तशी.

त्याच वॉर्डात त्यांच्या भावाची बायको आया होती. नोकरी सिस्टरांनीच लावून दिलेली. घरी "वन्सं, वन्सं" करणाऱ्या वहिनीला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथं वन्सं नाही. सिस्टर." पण वहिनीच्या जिभेला ते वळण लागता लागेना. "वन्स... सिस्टर, बादली कुठं ठेवू?"

त्या सकाळी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला सलाइन लावायचं होतं. त्याच्या रक्तात बी प्रकारची कावीळ होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टरांनी शीर धरली, प्लास्टिकची बारीक नळी आत सरकवली, सुई मागे काढली. एका हातानं नळी धरायची, दुसऱ्यानं चिकटपट्टी लावायची. सुईला तिसरा हात आणायचा कुठून? वापरलेल्या सुयांचा डबा तर पार दाराशी. त्यांनी सुई गादीच्या कडेला खोचली. रोजच खोचत. पट्टी लागली की उचलून डब्यात. इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं.

पट्टी लागली आणि पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उलटीनं गुदमरला. सिस्टर तिकडे धावल्या. म्हाताऱ्याला तपासणीला नेलं. वहिनीनं गादीवरची चादर ओढली.

सिस्टर परतल्या तेव्हा वहिनीनं मूठ आवळून धरली होती. चादरीवर रक्ताचा ताजा ठिपका.

"काय लागलं?"

"काही नाही. चादरीची टाचणी असेल."

"चादरींना टाचण्या कधीपासून लावायला लागलो आपण?"

वहिनीनं गादीकडे पाहिलं. मग सिस्टरांनीही पाहिलं.

त्यांनी तिला नळापाशी नेलं, बोटाला साबण लावला. "पिळू नकोस. नुसतं पाणी सोड. काविळीच्या लशीचे डोस झालेत ना सगळे?"

"एकच झाला. दुसऱ्याच्या वेळी अंगात कणकण होती, मग राहूनच गेलं."

सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मेट्रनला कळवलं तरच रक्त तपासलं जाणार, आजच्या आज औषध मिळणार. आणि मेट्रन पहिलं हेच विचारणार, सुई आली कुठून?

"मी सांगते," वहिनी हळूच म्हणाली, "डब्याबाहेर पडली होती, मीच न बघता उचलली. माझ्या वेंधळेपणाचं कुणाला नवल? तुमचं नाव कशाला खराब?"

सिस्टरांनी नळ बंद केला. असं सांगून टाकणं किती सोपं होतं! त्या सोपेपणाचीच त्यांना भीती वाटली.

मेट्रनच्या खोलीत वहिनीनं "मीच..." म्हणून तोंड उघडलं, तोच सिस्टर म्हणाल्या, "गादीत मी खोचली होती."

"तुम्ही?" मेट्रनचं पेन थांबलं. "घाईत झालं असेल. नजरचूक लिहिते."

"नजरचूक नाही. रोज खोचते. आज काढायची विसरले. माझं बघून बाकीच्याही खोचतात. डबा दाराशी आहे तोवर खोचणारच. तो खाटेपाशी आणा."

वहिनीला त्याच दिवशी लस आणि लागण रोखणारं आणखी एक इंजेक्शन मिळालं. पुढचे काही महिने अधूनमधून रक्त तपासायचं होतं. "आता मी वन्संची खास पेशंट," म्हणून ती घरी हसायची. सिस्टर हसत नसत. इकडे आधी डबा जवळ घ्यायचा, मगच शीर शोधायची, असा त्यांचा नेम झाला. "सिस्टर डबा बाळासारखा कडेवर घेऊन फिरतात," नर्सा मागून म्हणत. म्हणता म्हणता त्याही घेऊन फिरू लागल्या.

एका दुपारी सिस्टर एका बाईला सलाइन लावत असताना वहिनी दारातूनच ओरडली, "वन्सं! शेवटचाही रिपोर्ट चांगला आला! सुटले मी!"

सगळा वॉर्ड वळला. आता वहिनीला बोलणी बसणार म्हणून नर्सा वाट पाहू लागल्या.

सिस्टरांनी सुई मांडीजवळच्या डब्यात टाकली. टक् आवाज झाला. पट्टी लावली. गादीची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळ्यांनी निरखली. मग उठल्या, जाता जाता वहिनीच्या खांद्याला ओझरता हात लावला आणि बाहेर निघून गेल्या.