आजोबा, आता काढू?

गेल्या रविवारी जर्मनीतल्या आमच्या वाल्डॉर्फपासून तासाभरावरच्या एका किल्ल्यावर गेलो होतो... मी, माझी नऊ वर्षांची सई आणि कराडहून आलेले माझे सासरे. तिथे मुलांसाठी बांधकामाचं वर्कशॉप होतं. सईला आर्किटेक्चर कळलं पाहिजे, हा अर्थातच माझा हट्ट!

मी गॉथिक, रेनेसाँ असं सगळं प्रिंट काढून तयार. सईने त्या कागदावर सँडविच ठेवून खाल्लं.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. इथे आल्यापासून मात्र ते गप्प गप्पच होते. सईला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये... आणि ते बाबांना कळत नाही. तीन आठवड्यांत आजोबा-नातीच्या गप्पा अशा झाल्याच नव्हत्या. नातीसाठी एवढ्या लांब आलेला माणूस दिवसभर खिडकीशी बसायचा, ते बघून जीव तुटायचा.

वर्कशॉपमध्ये लाकडी ठोकळ्यांची कमान उभी करायची होती. खाली अर्धगोल साचा, त्याखाली दोन पाचरी. मुलांनी ठोकळे रचले, साचा खसकन ओढला... सगळं धाडकन खाली! दुसऱ्यांदाही तेच. सई रडवेली झाली.

बाबा पुढे निघाले. मी हळूच म्हटलं, "अहो बाबा, राहू द्या, त्यांचं ते करतील." आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. त्यांनी ऐकलं नाही, हे किती बरं झालं...

सईजवळ उकिडवे बसून ते म्हणाले, "बाळा, दोन्हीकडनं बरोबरीनं चढवा. मधला वरचा ठोकळा म्हणजे कळीचा दगड, तो घट्ट बसवा. मग पाचरी जरा जरा ढिल्या करायच्या. सेंट्रिंग, म्हणजे हा खालचा साचा, असं ओढायचं नसतं, कमानीला आधी तिचं वजन घेऊ द्यायचं."

सईने ते सगळं पोरांना जर्मनमध्ये सांगितलं. खणखणीत आवाजात! वर्गात कधी हात वर न करणारी माझी पोर...

मग पोरांचे प्रश्न सुरू झाले. ते आजोबांना विचारायचे तर मराठीतच विचारायला हवेत! सई अडखळली, पण थांबली नाही.

"आजोबा, आता काढू?"

"अजून नको. थोडी ढिली कर... हां, आता काढ."

साचा निघाला. कमान जागची हलली नाही. पोरांनी एकच कल्ला केला, आणि वर्कशॉप घेणाऱ्या बाईंनी विचारलं तेव्हा सईने छाती पुढे काढून सांगितलं, "माइन ओपा!" माझे आजोबा! मला भर वर्कशॉपमध्ये रडू आलं.

परतताना दोघं मागच्या सीटवर. सईचं मोडकंतोडकं मराठी सुरूच होतं, आणि बाबा रंगात येऊन सांगत होते... गावातल्या शाळेच्या दारावरची दगडी कमान त्यांच्या हातची आहे म्हणे.

बारा वर्षं मी या घरची सून आहे. मला हे माहीतच नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नाही. माझ्या लेकीने विचारलं.