त्या वहीतली माझी सही

"काय शोधत होतीस? मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू दे."

औरंगपुऱ्यातली अभ्यासिका. एका सत्संग मंडळानं चालवलेली. पंचवीसेक पोरंपोरी, सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळलेल्या. समोर व्यवस्थापक काका. पांढरा सदरा, बोलणं कायम मऊ. माझ्या संगणकावर लाल पाटी आली होती : हा शब्द येथे चालत नाही. त्याच वेळी काकांच्या टेबलावर घंटी वाजली होती.

मी टाईप केलं होतं, 'स्तनात गाठ'.

मी वाचलं नाही. मग काकांनीच चष्मा सावरून पडदा पाहिला आणि नुसतं "शी" म्हणाले. मागं कुणीतरी खिदळलं. "तुमच्याकडं घरात संस्कार नसतात, त्यात तुझा दोष नाही. पण इथं मर्यादा पाळायची." तुमच्याकडं. म्हणजे कुठल्या जातीकडं, हे तिथं प्रत्येकाला कळलं.

गाठ आईची होती. त्या वर्षीच्या दुष्काळात कन्नड तालुक्यातलं गाव सोडून आम्ही दोघी शहरात आलो. शहराबाहेर नव्या इमारती उठत होत्या. आई तिथं पाट्या वाहायची आणि घरी आली की टँकरवरून हंडे. एक दिवस अंघोळ करून आली, माझा हात धरला आणि छातीशी नेला. "बघ गं, लिंबाएवढं काय लागतंय हे. पुरुष डाक्टरला मी दाखवायची नाय. तू शिकलेली हायेस, बघ कुठं लिहिलंय का."

माझ्याकडं साधा फोन होता. अभ्यासिकेत इंटरनेट फुकट होतं, पण त्यासाठी वहीत सही करावी लागे : 'मी हे बंधन स्वखुशीने स्वीकारत आहे.' मंडळाच्या महाराजांच्या सांगण्यावरून तिथल्या लोकांनी आपापल्या घरीही शब्द अडवणारं हेच बंधन बसवून घेतलं होतं. मी न वाचताच सही ठोकली होती.

त्याच वहीत काकांनी आता लिहून घेतलं, 'माझ्याकडून अश्लील शोध झाला. क्षमा असावी.' मी लिहिलं. अक्षर वळणदार काढलं, याची आजही लाज वाटते.

घरी आईनं विचारलं, "सापडलं का काई?"

मला सगळं सांगायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "हंडे वाहून होतं तसं. जाईल आपोआप."

"व्हय, मला वाटलंच," आई म्हणाली. किती हलकी झाली होती ती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाट्या वाहायला गेली.

पुढं काही महिन्यांनी तिचा हात उचलेना तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतके महिने काय करत होता?" आई माझ्याकडं बघत राहिली. शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही तिला. आई गेली.

राहिलेली पुस्तकं आणायला अभ्यासिकेत गेले. काका मऊ आवाजात म्हणाले, "आई गेली म्हणे. काय झालं होतं?"

"स्तनाचा कॅन्सर."

"हळू बोल, मुलं बसलीयेत."

"नाय बोलणार हळू."

वही ओढली. माझं पान काढलं. 'अश्लील' खोडून वर लिहिलं, 'आईच्या आजाराचा'. 'क्षमा असावी' खोडलं. खाली पुन्हा सही केली, या वेळी वाचून. या खेपेला कुणी खिदळलं नाही.

पण काकांवर सगळं ढकलून मला मोकळं होता येत नाही. लाल पाटीनं एक पान अडवलं. आईशी खोटं मी बोलले.

आता मी वस्त्यांमधून बायकांना तपासणीला नेते. पहिल्याच बोलण्यात तो शब्द स्पष्ट उच्चारते. काहीजणी पदर तोंडावर घेतात, काही उठून जातात. मी दारात उभी राहून पुन्हा उच्चारते. त्यांचा हात स्वतःच्या छातीशी जाईपर्यंत मी तिथून हलत नाही.