आंबट टाकीचं काय करायचं

आज रविवार. सकाळी कामशेतजवळच्या आमच्या छोट्या वायनरीत गेलो. दुपारपर्यंत तिथेच होतो.

वायनरी माझी बायको शैला चालवायची. पावसाळ्यात ती गेली. तिच्या आजारपणात द्राक्षं घाईनं, थोडी कच्चीच तोडली होती. त्यामुळे तिच्या हातची शेवटची टाकी फार आंबट निघाली. ती वाईन ओतून द्यावी लागणार, ही धास्ती मला होती.

मेहुणी सुनीता म्हणाली, दुसऱ्या टाकीतल्या वाईनमध्ये मिसळू. मला ती भेसळ वाटली.

"भेसळ कसली, दाजी? ताई दर वर्षी हेच करायची. तुमी कधी हितं फिरकला असता तर दिसलं असतं."

दुसरी वाईन पूर्ण पिकलेल्या द्राक्षांची. वासाला छान, पण चवीला मिळमिळीत. टाकीत एकदा ओतलं की वेगळं करता येत नाही, म्हणून सुनीतानं दोन्ही आधी ग्लासात मिसळून पाहिल्या. पहिला ग्लास आंबटच लागला, पुढचा अगदी सपक. मग तिनं प्रमाण बदलून एक ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"तोंड वाकडं करायच्या आधी घोट तर घ्या."

घेतला. चव भरीव होती, आणि शेवटी शैलाच्या वाईनचा आंबटपणा हलकेच जाणवत होता. तो हरवला नव्हता. किती महिन्यांनी मन हलकं झालं.

उद्या त्याच प्रमाणात टाक्या मिसळणार आहोत. आपल्या माणसाचं अर्धवट राहिलेलं काम तुम्ही कसं पुरं केलंत?

सुनीता गेल्यावर मी ग्लास विसळले आणि फडक्यावर पालथे घातले.