फुलदाणीतला माइक

आमच्या हौशी नाटकमंडळीला साउंड लावून देणारा नवी पेठेतला माणूस माइक तपासताना 'हॅलो, हॅलो' म्हणत नाही. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत सावकाश विचारतो, "जेवलात का सगळी?"

यंदा आमच्या नाटकातल्या वयस्क बाई नुकत्याच मोठ्या आजारातून उठल्या होत्या. तालमीत त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचेना. पहिल्या प्रयोगाच्या दुपारी त्या मला म्हणाल्या, "माझ्या जागी दुसरं कुणी बघा."

साउंडवाल्यानं ते ऐकलं. स्टेजवरच्या टेबलावर असलेल्या फुलदाणीत गुपचूप छोटा माइक बसवला आणि त्यांना म्हणाला, "मावशी, एकदा बोलून तर बघा की. हितला हॉल लई चांगला हाय."

त्या बोलल्या, आणि आवाज थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. बाईंना धीर आला. प्रयोग छान झाला.

मला मात्र ही फसवणूक बोचत होती. "त्यांना सांगायला हवं," मी म्हटलं.

"सांगू की. जरा दम धरा," तो वायर गुंडाळत म्हणाला.

पुढे गावोगावी प्रयोग झाले. अक्कलकोटला बाई खणखणीत बोलल्या. तेव्हा मी पुन्हा विषय काढला.

"आता काय सांगायचं?" तो म्हणाला. "दर खेपेला आवाज थोडा थोडा कमी करत आणला. आज तर माइक गाडीतच हाय."